लेकराचा बाबा, गावाचा जवान

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आज ज्या माणसाची आठवण मी काढणार आहे, त्याला मी कधी भेटले नाही. तो मराठी नव्हता, भारतीयही नव्हता. त्याचं नाव जेफ्री कीटन. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या पश्चिम टोकाला, जिथं शहर संपत येतं आणि शेतमळे दिसू लागतात, तिथं हॉर्सली पार्क नावाची वस्ती आहे. तिथल्या अग्निशमन पथकात तो स्वयंसेवक होता. १९ डिसेंबर २०१९ च्या रात्री आगीशी झुंजायला गेलेला हा ३२ वर्षांचा तरुण घरी परतला नाही.

त्याचं नाव माझ्या मनात का घर करून राहिलं, ते आधी सांगते.

माझा मुलगा सिडनीत असतो. २०१९ च्या जून महिन्यात त्याचा फोन आला. म्हणाला, "आई, मी इथल्या फायर ब्रिगेडमध्ये नाव घालतोय." मला वाटलं, नोकरी बदलली. मी विचारलं, "पगार किती देणार?" तो हसला. "पगार नाही गं. आपली नोकरी सांभाळून करायचं."

आता आईचं मन कसं असतं, तुम्ही जाणताच. मी म्हटलं, "अरे, तुला दोन वर्षांची मुलगी आहे. फुकटात आगीत उडी घ्यायला कोणी सांगितलंय? जाणारे दुसरे असतील की!" तो शांतपणे म्हणाला, "आई, दुसरे म्हणजे कोण? सगळे आपल्यासारखेच आहेत." मी रागानं फोन ठेवला. पुढं दोन दिवस त्याच्याशी बोललेच नाही.

राग ओसरल्यावर मात्र मी चौकशी केली. ज्या राज्यात सिडनी आहे, त्या न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण भागात आग विझवण्याचं काम मुख्यतः स्वयंसेवक करतात. रूरल फायर सर्व्हिस हे त्या संस्थेचं नाव. सत्तर हजारांहून अधिक स्वयंसेवक तिथं नोंदलेले आहेत. कोणी शेतकरी, कोणी सुतार, कोणी शिक्षक, कोणी दुकानदार. रीतसर प्रशिक्षण घ्यायचं, सुट्टीच्या दिवशी गाड्या आणि पाण्याचे पाइप तपासायचे, हिवाळ्यात वाळका पाचोळा मुद्दाम, बेताबेतानं जाळून टाकायचा, म्हणजे उन्हाळ्यात आगीला खाद्य मिळत नाही. आणि वर्दी आली की हातातलं काम टाकून निघायचं. पथकाचा कॅप्टन कोण, हेही पथकातलेच लोक ठरवतात.

जेफ्री कीटन २००६ साली या सेवेत आला, म्हणजे विशीच्या उंबरठ्यावर असताना. त्याचा सोबती अँड्र्यू ओड्वायर हा ३६ वर्षांचा, तो २००३ पासून होता. दोघंही एकाच पथकातले. योगायोग असा, की दोघांच्याही घरी एकोणीस महिन्यांचं मूल होतं. जेफ्रीला मुलगा, अँड्र्यूला मुलगी. कामावर जाणारी, संध्याकाळी लेकराला कडेवर घेणारी, साधी संसारी माणसं होती ती.

त्या वर्षीचा उन्हाळा भयंकर होता. आपल्याकडे थंडी असते तेव्हा तिकडे उन्हाळा असतो. आधी कितीतरी महिने पाऊस नव्हता. १८ डिसेंबर २०१९ या दिवशी संपूर्ण ऑस्ट्रेलिया देशाचं सरासरी कमाल तापमान ४१.९ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. तिथल्या नोंदींतला तो सर्वांत उष्ण दिवस. त्यात तिथली जंगलं निलगिरीची. निलगिरीच्या पानांत तेल असतं, हे आपल्यालाही सर्दीच्या दिवसांत ठाऊक असतं. तिच्या सालीच्या पेटत्या चिंध्या वाऱ्यावर उडतात आणि पुढं दूरवर नवी आग लावतात.

त्यानंतरच्या दिवशी, १९ तारखेला, सिडनीच्या नैर्ऋत्येला बक्स्टन गावाजवळ हॉर्सली पार्कचं पथक आग विझवत होतं. रात्री मध्यरात्रीच्या सुमारास गाड्यांचा ताफा रस्त्यानं चालला असताना एक झाड कोसळून त्यांच्या गाडीवर आलं. गाडी रस्त्याबाहेर उलटली. जेफ्री आणि अँड्र्यू जागीच गेले. मागे बसलेले तिघं जखमी झाले, पण वाचले. ज्या ज्वाळांशी इतकी वर्षं सामना केला, त्यांनी नव्हे, एका झाडानं घात केला.

मी सकाळी बातमी वाचली आणि आधी मुलाला फोन लावला. तो घरीच होता. मी काही बोलले नाही, नुसती रडले. तोही बराच वेळ गप्प होता.

पुढं २ जानेवारी २०२० ला जेफ्रीचे अंत्यसंस्कार झाले. पिवळ्या गणवेशातले सहकारी दुतर्फा रांग धरून उभे होते. त्याच्या छोट्या मुलाला तसाच इवलासा गणवेश घातला होता आणि तोंडात चोखणी होती. सेवेचे आयुक्त शेन फिट्झसिमन्स त्या पोरासमोर गुडघ्यांवर बसले आणि बापाला मरणोत्तर मिळालेलं शौर्यपदक त्यांनी त्याच्या छातीवर लावलं. काय चाललंय, हे त्या लेकराला कुठून कळणार? पाच दिवसांनी अँड्र्यूचे अंत्यसंस्कार झाले. त्याची मुलगी बापाचं भलंमोठं हेल्मेट डोक्यावर घालून फिरत होती. आयुक्तांनी तिलाही पदक दिलं. तुझे बाबा फार वेगळे होते, ते तुला सोडून गेले ते केवळ शूर होते म्हणून, अशा अर्थाचं काहीतरी ते तिला म्हणाले.

श्रोतेहो, ही छायाचित्रं तेव्हा जगभर छापून आली. पण एक गोष्ट मला नंतर समजली आणि मग ते छायाचित्र मला वेगळंच दिसू लागलं. हे फिट्झसिमन्स स्वतः पोरवयात स्वयंसेवक म्हणून या सेवेत आले होते. त्यांचे वडील जॉर्जही आगीशीच संबंधित काम करत. सन २००० मध्ये सिडनीच्या उत्तरेला एका राष्ट्रीय उद्यानात पाचोळा जाळण्याचं काम चालू असताना आग उलटली आणि जॉर्ज त्यात गेले. म्हणजे त्या पोरासमोर गुडघे टेकून बसलेला माणूस निव्वळ मोठा अधिकारी नव्हता. आगीनं ज्याचा बाप नेला, असा तोही एक मुलगाच होता. आणि तरीही तो या कामात टिकून राहिला.

त्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियात ३३ माणसं आगीत गेली, त्यांतले ९ जण आग विझवणारे होते. ३० डिसेंबरला सॅम्युएल मॅकपॉल हा २८ वर्षांचा स्वयंसेवक गेला. आगीच्या वावटळीनं त्याची जड गाडी उलटवली. त्याची बायको तेव्हा गरोदर होती. एकट्या न्यू साउथ वेल्समध्ये २४०० हून अधिक घरं जळाली. त्याच सुमारास, २९ डिसेंबरला, सरकारनं दीर्घकाळ काम केलेल्या स्वयंसेवकांना भरपाई जाहीर केली. दिवसाला तीनशे डॉलर, जास्तीत जास्त सहा हजार. बुडालेल्या रोजगाराची ती भरपाई होती. जेफ्रीनं मात्र तेरा वर्षं काही न घेता दिली होती.

माझा प्रश्न तरीही सुटला नव्हता. ज्याच्या घरी एकोणीस महिन्यांचं लेकरू आहे, त्यानं दुसऱ्याचं घर वाचवायला जावं का?

उत्तर मला माझ्याच लहानपणात सापडलं. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. एका रात्री वरच्या आळीला कडब्याची गंजी पेटली. आरोळी उठली तसे अण्णा, म्हणजे माझे वडील, ताटावरून उठले. आईनं हात धरला नाही. तिनं ओलं बारदान त्यांच्या खांद्यावर टाकलं आणि स्वतः हंडा घेऊन मागोमाग गेली. विहिरीपासून गंजीपर्यंत बायका-पुरुषांची रांग लागली होती. ज्याची गंजी पेटली, त्याच्याशी अण्णांचा बांधावरून वाद होता. दोन वर्षं बोलणं नव्हतं. पहाटे अण्णा घरी आले तेव्हा त्यांच्या भुवया जळलेल्या होत्या. मला मांडीवर घेऊन ते तसेच झोपी गेले. अण्णांना कोणी स्वयंसेवक म्हटलं नाही. तसा शब्दही आमच्या घरात नव्हता.

आईनं त्या रात्री अण्णांना अडवलं नव्हतं, आणि मी मात्र माझ्या मुलाला अडवत होते. गंजी वरच्या आळीला पेटली तरी वारा सुटला की खालची आळी कितीशी लांब असते? अण्णा आमच्यासाठीच गेले होते. जेफ्रीही आपल्या लेकरासाठीच जात असला पाहिजे. ज्या वस्तीत ते लेकरू वाढणार, ती राखायला.

आपल्याकडे १४ एप्रिल हा अग्निशमन सेवेचा स्मृतिदिन. १९४४ साली त्याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन या बोटीवर स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्याही घरी लेकरं असतील. त्यांची नावं आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? निदान एवढं तरी आपण करू शकतो. आपल्या इमारतीतला जिना मोकळा ठेवू, भिंतीवरचं अग्निशामक नळकांडं कसं चालवायचं ते शिकून घेऊ, आणि बंब रस्त्यावर दिसला की वाट देऊ. त्या बंबात कोणाचा तरी बाबा बसलेला असतो.

माझ्या मुलानं प्रशिक्षण पूर्ण केलं. अजूनही तो जातो. मी आता त्याला नको म्हणत नाही. फोनवर फक्त विचारते, "जेवलास का? पाण्याची बाटली घेतलीस का? आणि वर झाडं बघून चाल रे बाबा." तो म्हणतो, "हो आई." मग रात्रभर मी फोन उशाशी ठेवते. सुनेचाही तिकडे डोळा लागत नसतो. तिच्याकडे आमची नात असते, बाबाची वाट पाहत झोपलेली.