वुजूखान्यातली ओली फरशी

साथींनो, “वय झालं, पडणारच!” हे मला पटत नाही. जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात, त्यांत साठीपुढची सर्वाधिक. न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठाने पाय बळकट करणारे, तोल सांभाळणारे घरगुती व्यायाम तयार केले; चाचण्यांत पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं. लागतं काय? खुर्चीचा आधार, पायाला बांधायची वजनं, शिकवणारं माणूस.

आपल्या मोहल्ल्यासाठी माझं मागणं साधं आहे. वुजूखान्यात बसायला ओटा, धरायला दांडी. ओल्या फरशीवर एका पायावर उभं राहून दुसरा धुणं म्हाताऱ्यांना झेपत नाही. आणि आठवड्यातून तीनदा व्यायामवर्ग, बायकांसाठीही. मोरीत पडलेली खाला कुणाच्या हिशेबात येत नाही. मदरशाचा हॉल दुपारी रिकामाच असतो. विश्वस्त इथेच बसलेत, आत्ताच विचारू.