देगान्याने न ठेवलेली राहेल

किबुत्झचं, म्हणजे इस्रायलमधल्या सामुदायिक शेतवसाहतीचं, नाव निघालं की पडीक जमीन, घाम आणि सामुदायिक स्वयंपाकघर या गोष्टी ओघानं येतात. आज मात्र जिला किबुत्झनं ठेवून घेतलं नाही, अशा एका कवयित्रीची हकिगत सांगायची आहे.

राहेल ब्लुवश्टाइन 1890 साली रशियातल्या एका सुखवस्तू ज्यू घरात जन्मली. काही काळ तिनं कीव्हला चित्रकलेचे धडे घेतले. 1909 मध्ये बहिणीबरोबर ती शिकायला इटलीला निघाली, वाटेत तुर्की अमलातल्या पॅलेस्टाइनमध्ये उतरली आणि तिथंच रमली. हिब्रू धड बोलता येत नव्हती. मग या दोघी बहिणी रहोवोतच्या बालवाडीत जाऊन बसल्या आणि चिमुरड्यांची बडबड ऐकत भाषा शिकल्या! पुढं किन्नेरेत सरोवराकाठी हान्ना मैझेल यांनी मुलींसाठी शेतीशाळा काढली, तिथं राहेल दाखल झाली. कुंचला सुटला, हाती कुदळ आली.

1913 मध्ये ती शेतीशास्त्र शिकायला फ्रान्समधल्या तुलूझला गेली. तेवढ्यात महायुद्ध पेटलं. ती रशियाची प्रजा, आणि रशिया तुर्कस्तानचा शत्रू. परतीची वाट बंद. नाइलाजानं ती रशियात गेली आणि निर्वासित मुलांना शिकवू लागली. तिथंच क्षयानं गाठलं. 1919 च्या अखेरीस ‘रुस्लान’ बोटीनं ती याफ्फाला उतरली, आणि थोड्याच दिवसांत देगान्यात आली.

1910 मध्ये दहा पुरुष आणि दोन स्त्रियांनी उभी केलेली ही वसाहत म्हणजे साऱ्या किबुत्झांची थोरली बहीण. तेव्हा इथं पगार नव्हता, चूल एकच, मुलंही सगळ्यांची मिळून वाढवायची. शेतातलं काम झेपेना म्हणून राहेलला मुलांकडं नेमलं. क्षयाचं निदान झालं आणि तिला निघून जायला सांगण्यात आलं.

भीती खोटी नव्हती. क्षयावर औषध यायला अजून वीस-पंचवीस वर्षं होती, आणि प्रश्न लेकरांचा होता. तरीही देगान्याची पूर्ण सुटका करावीशी वाटत नाही. मुलांपासून दूर एखादी खोली, वेगळी ताटवाटी, एवढं जमलं नसतं? याच वसाहतीत, शेतकष्टांना धर्म मानणारे आ. दा. गॉर्डन 1922 मध्ये कर्करोगानं वारले, ते आपल्या माणसांत. कर्करोग संसर्गजन्य नाही, हे खरं. पण 1920 मध्ये छापून आलेली आपली पहिली हिब्रू कविता राहेलनं याच गॉर्डनना अर्पण केली होती.

पुढं यरुशलेममध्ये शिकवण्या, मग तेल अवीवला एक भाड्याची खोली. कविता ‘दावार’ या कामगारांच्या दैनिकात येऊ लागल्या: आखूड, बोलीतल्या, शब्दांचा बडेजाव नसलेल्या. हयातीत दोन संग्रह निघाले, तिसरा मृत्यूनंतर. 16 एप्रिल 1931 रोजी, चाळिशीत, ती गेली.

दफन मात्र किन्नेरेतलाच झालं, देगान्याच्या अगदी शेजारी. कबरीपाशी तिच्या कवितांचं पुस्तक साखळीनं बांधून ठेवलेलं असतं. येणारा बसतो, चार पानं वाचतो.

2007 मध्ये देगान्यानं समान वाटणी सोडली आणि कामाप्रमाणं पगार सुरू केला. दहा वर्षांनी इस्रायलची 20 शेकेलची नवी नोट निघाली, तिच्यावर राहेलचा चेहरा आहे. म्हणजे आता देगान्याच्या सभासदाच्या खिशातही ती असते.