डोळ्यांतील पहारा



शरीरात परके जंतू शिरले, की रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावतात; जागा लाल होते, सुजते, पू होतो. हातावर हे घडले तर व्रण राहतो, पण हाताचे काम अडत नाही. डोळ्याचे तसे नाही. बुबुळावरील पारदर्शक पडद्यावर, म्हणजे पारपटलावर, मधोमध लहानसा पांढरा डाग राहिला तरी दृष्टी अधू होते. आपण त्यालाच डोळ्यात फूल पडले असे म्हणतो. म्हणून डोळ्याला लढाईइतकाच संयमही जपावा लागतो.

अश्रूंत लायसोझाइम नावाचा जंतुनाशक पदार्थ असतो. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी तो १९२२ साली उजेडात आणला. हा झाला दारावरचा पहारा. निरोगी पारपटलात मात्र रक्तवाहिन्या नसतात. आतील पाण्यात दाह शमविणारी द्रव्ये असतात आणि चवताळून आलेल्या पेशींना तेथेच मरण यावे, अशीही योजना असते.

या संयमाचे फळ मोठे आहे. १९०५ साली मोराव्हियातील ओलोमौच येथे एडुआर्ड झिर्म यांनी चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुराला दुसऱ्याचे पारपटल बसविले आणि त्याला दिसू लागले. परके असूनही ते का टिकले? १९४८ साली पीटर मेडावर यांनी सशांच्या डोळ्यांत परक्या त्वचेचे तुकडे ठेवून पाहिले. रक्तवाहिन्या आत शिरल्या नाहीत तोवर ते टिकून राहिले.

पण जेथे पहारा सौम्य, तेथे गाफील राहून चालत नाही. भाताची सोंगणी करताना किंवा उसाचे पाचट काढताना पाते डोळ्याला लागते आणि त्या ओरखड्यातून बुरशी शिरते. अशा वेळी घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब कोणी घालतो. लाली उतरते, बरे वाटते. परंतु शत्रू गेलेला नसतो, पहारेकरी मात्र झोपलेला असतो. तेव्हा आपल्या मनाने थेंब घालू नयेत, पाल्याचा रस पिळू नये, डोळा चोळू नये. त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे.

आणि ज्यांच्या डोळ्यांत फूल पडून गेले, त्यांचे काय? त्यांतील पुष्कळांची दृष्टी आपल्या हाती आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान झाले, तर एका माणसाची दोन पारपटले दोघांच्या उपयोगी पडू शकतात. परक्याला सामावून घेण्याचे औदार्य डोळ्याने दाखविले आहे; देण्याचे औदार्य आपण दाखवावे, इतकेच आमचे मागणे आहे.