पेटीतला रुपया



कामगार संघटनेचा माणूस दुर्मीळ नाण्यांवर बोलणार हे पत्रिकेत वाचून दोघातिघांनी आम्हांला वाटेत थांबवून विचारले, छपाईत काही घोटाळा तर झाला नाही ना? घोटाळा झालेला नाही. आमच्या हातून आजवर नाणी गेली ती बहुतेक युनियनच्या वर्गणीची, मोजून पावती फाडण्यापुरती. परंतु दोन वर्षांपूर्वी आमचे एक जुने सहकारी, कारखान्यातून निवृत्त झालेले, रुमालात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आमच्याकडे आले. पारदर्शक प्लॅस्टिकची चपटी पेटी, आत षष्ठ जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया, वरच्या बाजूला एक इंग्रजी चिठ्ठी आणि तीवर आकडा : ६४. ग्रॅच्युइटीतला मोठा हिस्सा देऊन त्यांनी हा रुपया घेतला होता. त्यांचा प्रश्न साधा होता : "साहेब, हा चौसष्ट म्हणजे काय?" त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही अमेरिकेपर्यंत जाऊन आलो. पुस्तकांतून, पासपोर्ट आम्ही अजून काढलेला नाही.

प्रतवारी आपल्याला नवी नाही. कापसाची होते, गुळाची होते. नाण्यांचीही होत असे. पेशवाईत चांदवडी, अंकुशी असे नाना तऱ्हेचे रुपये चालत. कोणता किती कसाचा आणि किती झिजलेला हे पाहून शराफ बट्टा कापी. सरकारी खजिन्यात नाणी पारखायला पोतदार असे. ते आडनाव आजही गावोगाव आहे. पारख झाली की पुष्कळदा शराफ नाण्यावरच एक बारीकसा ठसा मारी. म्हणजे पारखणाराची सही नाण्याच्या अंगावर. आणि दुसरी गोष्ट अशी की, शराफाने बट्टा सांगितला की त्या भावाने तो स्वतः नाणे घेई. त्याच्या मताखाली त्याचा स्वतःचा पैसा असे.

चौसष्ट या आकड्याचे कूळ मात्र वेगळे आहे. अमेरिकेत विल्यम शेल्डन नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. माणसांच्या अंगकाठीला आकडे देणे हा त्यांचा व्यवसाय, आणि तांब्याची जुनी सेंट जमवणे हा छंद. १९४९ साली त्यांनी या सेंटांवर पुस्तक लिहिले व त्यात १ ते ७० अशी मोजपट्टी दिली. नाणे जेमतेम ओळखू येत असेल तर १, निर्दोष असेल तर ७०. सत्तरच का, शंभर का नाही? कारण त्या वेळच्या बाजारात उत्तमातले उत्तम सेंट अगदी झिजलेल्या सेंटच्या साधारण सत्तरपट किमतीला जाते, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे हा आकडा मुळात किमतीवरून काढलेला होता. थोड्याच वर्षांत बाजार बदलला, हिशेब कोलमडला, आकडा तेवढा मागे राहिला. आणि आज किंमत आकड्यावरून काढतात! आम्हांला जे सांगायचे आहे ते बहुतेक या एका उलटापालटीत आहे.

जाता जाता सांगतो. शेल्डन वारल्यावर उघडकीस आले की, न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिझमॅटिक सोसायटीच्या संग्रहातली सरस सेंट त्यांनी काढून घेतली होती आणि त्यांच्या जागी हलकी ठेवली होती. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. मोजपट्टी करणाराला सरस-निरस अचूक कळत होते, याबद्दल निदान शंका उरली नाही.

आता एक उदाहरण घेऊ, आणि ते असे की ज्याचा आपल्या मुंबईशी संबंध आहे. अमेरिकेचा मॉर्गन डॉलर हे चांदीचे मोठे नाणे १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ साली पाडले गेले. १९१८ साली पहिले महायुद्ध चालू असताना हिंदुस्थानात लोक नोटा नाकारून चांदीचे रुपये मागू लागले आणि सरकारी तिजोरीतली चांदी आटत चालली. इंग्रजांनी अमेरिकेकडे धाव घेतली. तिथल्या काँग्रेसने पिटमन कायदा केला आणि २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले गेले. त्यांपैकी जवळजवळ २६ कोटींची चांदी इकडे यायची म्हणून इंग्रजांना विकली गेली. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत तिचे रुपये झाले. पंचम जॉर्जचा १९१८ सालचा रुपया आपल्याकडे उदंड सापडतो. आपल्या घरातल्या एखाद्याच्या पोटात अमेरिकेचा डॉलर असेलही.

मौज पुढेच आहे. वितळवताना कोणत्या सालाचे, कोणत्या टांकसाळीचे किती डॉलर मुशीत गेले याची नोंद कोणी ठेवली नाही. त्यामुळे किती पाडले हे ठाऊक, किती उरले हे कोणालाच ठाऊक नाही, अशी स्थिती झाली. न्यू ऑर्लीन्स टांकसाळीचा १९०३ चा डॉलर इतका दुर्मीळ समजला जाई की कोऱ्या नाण्याचा भाव दरपत्रकात १,५०० डॉलर लिहिलेला असे. १९६२ च्या अखेरीस सरकारी तळघरातल्या जुन्या थैल्या उघडल्या, तर त्यांत हाच डॉलर हजारांनी निघाला आणि भाव काही महिन्यांत तीसेक डॉलरवर आला. नाणे होते तसेच होते. लोकांची माहिती तेवढी बदलली.

आता सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचे दोन डॉलर शेजारी ठेवा. १८८१ चे पाडले एक कोटी सत्तावीस लाखांवर. त्यांतली पुष्कळशी थैल्यांतच कोरी राहिली. १८८४ चे पाडले बत्तीस लाख; ते बहुतेक सगळे लोकांच्या खिशांत गेले आणि झिजले. झिजलेला १८८४ चा डॉलर आजही चांदीच्या किमतीहून फार वर जात नाही. तोच अगदी कोरा, साठच्या पुढच्या आकड्याचा असेल तर हजारो डॉलर. आणि ६५ ठरला तर लाखो. उलट १८८१ चा ६५ आकड्याचा डॉलर कोणीही मध्यमवर्गीय छंदिष्ट घेऊ शकतो. ५८ म्हणजे गालाच्या उंचवट्यावर किंचित घास, ६२ म्हणजे घास नाही पण थैलीतल्या आदळआपटीचे ओरखडे आहेत. या दोहोंमधली रेघ भिंगातून पाहणाराच्या नजरेत असते, आणि तिच्या अलीकडे-पलीकडे माणसाच्या वर्षाच्या कमाईएवढा फरक पडतो.

आम्हां युनियनवाल्यांना ही रेघ ओळखीची वाटली. अर्धकुशल आणि कुशल यांच्यातल्या रेघेवर आमची उमर गेली. यंत्र तेच, काम तेच. कागदावर एक शब्द बदलला की पगार बदलतो. आणि तो शब्द लिहिणारा कोणाच्या पगारावर आहे, हे आम्ही आधी विचारतो.

तर पेटीकडे येऊ. पूर्वी अमेरिकेत दुकानदार विकताना नाण्याला 'रत्न' म्हणे आणि तेच परत घ्यायला गेलात की 'साधारण' म्हणे. या अनागोंदीला कंटाळून काही व्यापाऱ्यांनीच १९८६ पासून पीसीजीएस ही प्रतवारीची कंपनी चालवली. १९८७ साली एनजीसी निघाली. पद्धत अशी : नाणे कोणाचे हे न सांगता ते एकाहून अधिक पारख्यांपुढे जाते, प्रत्येक जण स्वतंत्र आकडा देतो, शेवटी एक आकडा पक्का होतो, आणि नाणे क्रमांकासह प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद होते. याला ते 'स्लॅब' म्हणतात. आपल्याकडे स्लॅब म्हटले की पावसाळ्यात गळणारे छत आठवते, पण हा गळत नाही. नाणे खोटे निघाले किंवा आकडा चढा ठरला तर कंपनी भरपाईची हमी देते. शिवाय कोणत्या नाण्याला कोणता आकडा कितींदा दिला याची यादी ती प्रसिद्ध करते. मुशीत हरवलेल्या डॉलरांची शिरगणती अशी पहिल्यानेच झाली. हे काम मोठे आहे, आणि त्याचे श्रेय आम्ही देतो. खेड्यातल्या माणसाला न पाहिलेले नाणे फसवणुकीच्या भीतीवाचून घेता येऊ लागले.

पण न पाहता घेता येते म्हटल्यावर न पाहणारेही आले. १९८९ च्या सुमारास वॉल स्ट्रीटवरच्या मेरिल लिंच, किडर पीबडी यांसारख्या पेढ्यांनी नाण्यांचे फंड काढले. भाव आकाशाला भिडले आणि १९९० मध्ये कोसळले. त्याच वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसवर ठपका ठेवला की, आपली प्रतवारी जितकी वस्तुनिष्ठ नाही तितकी ती जाहिरातींत भासवते. प्रकरण तडजोडीने मिटले.

या धंद्यात पारखणाराला फी नाण्याचा मालक देतो, आणि नाणे जितके किमती तितकी फी मोठी. आकडा आवडला नाही तर मालक पेटी फोडतो आणि नाणे पुन्हा पाठवतो. पाचदा ६४ आले आणि सहाव्यांदा ६५ आले, तर बाजारात राहते ते ६५. जुनी चिठ्ठी परत केली नाही तर यादीत तेच नाणे दोनदा मोजले जाते. अर्धकुशल कामगाराला मात्र सहा वेळा पाठवण्याची सोय नसते! कालांतराने लोकांना शंका येऊ लागली की पूर्वीचे ६४ आणि आजचे ६४ एक नाहीत. मग २००७ साली सीएसी नावाची आणखी एक कंपनी आली. ती पेटीतले नाणे पेटीसकट पाही आणि पसंत पडले तर पेटीवर हिरवे चिकटपत्र लावी. चिकटपत्र असलेल्या पेटीला जास्त भाव मिळू लागला. पारखणाराची पुन्हा पारख. मात्र ही कंपनी पसंत पडलेली नाणी स्वतः बोली लावून घ्यायलाही तयार असे, आणि इथे आम्हांला आपला जुना शराफ आठवला.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे दिवाळीला, लक्ष्मीपूजनाच्या आधी, देव्हाऱ्यातले रुपये चिंच आणि राख लावून लख्ख करतात. आमच्या आईनेही केले. अमेरिकेच्या पारख्यासमोर ते नाणे ठेवा. तो त्याला आकडाच देणार नाही, 'साफ केलेले' एवढा शेरा मारील आणि किंमत निम्म्याहून खाली जाईल. रुपयाला कडी डाखवून गळ्यात घातला असेल, तरी तेच. शराफाचा तो जुना ठसा, ज्याच्यामुळे एके काळी नाणे बिनबोभाट चाले, तोही अनेकदा दोषात जमा होतो. त्यांचे चुकते असे आम्ही म्हणत नाही. टांकसाळीतून निघालेला पृष्ठभाग एकदा गेला की परत येत नाही, हे खरेच आहे. फक्त आपल्या घरात जी निगा होती तिला तिथे इजा म्हणतात, हे ठाऊक असावे. आणखी एक : १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचे नाणे खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. १९१८ चा रुपया आता त्यात बसला. तेव्हा आजीचा रुपया अमेरिकेला पाठवून आकडा आणण्याचा विचार मनातून काढून टाका.

आमच्या सहकाऱ्यांचा रुपया १९३९ चा, म्हणून त्या कायद्यात येत नव्हता. १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. १९३९ चे भारी चांदीचे रुपये फारसे उरले नाहीत, म्हणून त्याला भाव. पेटीवर जिचे नाव होते ती कंपनी आम्हांला कोठेही आढळली नाही. आम्ही त्यांना गावातल्या एका वृद्ध सराफांकडे नेले. ते म्हणाले, प्लॅस्टिकवर ओरखडे आहेत, नीट दिसत नाही. सहकाऱ्यांच्या परवानगीने पेटी फोडली. सराफांनी भिंग लावले आणि अर्ध्या मिनिटात ते आमच्यापुढे केले. १९३९ मधला शेवटचा ९ हा मुळात ८ होता. खालचा भाग कोरून काढला होता, भोवतीची चांदी खरवडलेली स्पष्ट दिसत होती. १९३८ चा रुपया, साधा. विकणाऱ्याकडे गेलो तर तो म्हणाला, "पेटी तुम्ही फोडलीत, आता आमची जबाबदारी संपली."

ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल आहे. तारखा पडत आहेत. फोडलेल्या पेटीचे तुकडे, चिठ्ठी आणि रुपया आम्ही एका पाकिटात घालून सहकाऱ्यांच्या आणि सराफांच्या सहीनिशी ठेवले आहेत.

व्याख्यानानंतर आम्ही आणि ते सराफ व्यासपीठाच्या मागच्या खोलीत तासभर बसणार आहोत. भिंग आहे. कोणाकडे पेटीतली किंवा बिनपेटीतली नाणी असतील तर उद्याही घेऊन यावे. येताना मात्र चिंच लावून आणू नये.