विस्मृत ग्रंथांचा जीर्णोद्धार
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चार शब्द बोलण्याची आज्ञा करताना चिटणीसांनी विषय निवडण्याची मोकळीक आम्हांस दिली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले एक निवृत्त शिक्षक. संशोधकांच्या पंक्तीस बसण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु उभा जन्म पुस्तकांच्या सहवासात गेला, म्हणून त्यांचीच कैफियत आपणांपुढे मांडावी, असे मनाने घेतले. देवळाचे शिखर ढासळले, तर आपण वर्गणी गोळा करून त्याचा जीर्णोद्धार करतो. ग्रंथांनाही जीर्णोद्धाराची गरज असते. देऊळ पडले तरी चौथरा उरतो. ग्रंथ नाहीसा झाला, म्हणजे पुष्कळदा त्याच्या कर्त्याचे नावही उरत नाही.

पुस्तक एकदा छापले म्हणजे ते अमर झाले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती खरी नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यास आले, मराठी शिकले आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ त्यांनी रचले. ते १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ साली पुन्हा छापले गेले. परंतु या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही! मग ग्रंथ वाचला कसा? गोव्याहून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने उतरलेल्या नकला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या म्हणून. तशा नकलांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला. छापखान्यास जे टिकवता आले नाही, ते घरांनी टिकवले.

दुसरे उदाहरण बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. स्त्रियांना एक न्याय आणि पुरुषांना दुसरा, हा कोठला धर्म, असा रोखठोक सवाल त्या बाईंनी त्या काळात केला. महात्मा जोतीराव फुले यांनी त्यांची बाजू घेतली. परंतु पुढे हे पुस्तक विस्मृतीत गेले. १९७५ साली डॉ. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा मधे ९३ वर्षे लोटली होती. आज स्त्रियांच्या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्यांस ते पुस्तक टाळून पुढे जाता येत नाही. ती जुनी प्रत कोणी रद्दीत घातली असती, तर आपल्या नातींना आपल्या या पूर्वजेचा शब्द ऐकू आला नसता.

तिसरे उदाहरण निराळा धडा शिकवते. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी उत्तरेस गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला. पुढे लिहिलेला त्यांचा वृत्तान्त भारताचार्य चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केला. वैद्यांचे उपकार मोठेच. परंतु त्यांनी मूळ लेखनात बराच फेरफार केला होता. सुदैवाने मोडी हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळाकडे सुरक्षित राहिले, आणि त्यावरून म. म. दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली मूळ संहिता छापली. यास्तव जुने पुस्तक छापताना ते सुधारू नये. कर्त्याचे लेखन, त्याचे शुद्धलेखन, त्याच्या आवडीनिवडी, सर्व जशाच्या तसे ठेवावे. आपले म्हणणे प्रस्तावनेत मांडावे.

आता विलंब का नको, ते सांगतो. जुन्या पोथ्यांचा जुन्नरी वा दौलताबादी कागद हातबनावटीचा व चिवट असे. तो नीट ठेवल्यास शतकानुशतके टिकतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यात आम्ल असते. ते कागदास आतून खाते. पाने आधी पिवळी, मग तपकिरी होतात आणि शेवटी दुमडताच त्यांचा तुकडा पडतो. त्यात आपली दमट हवा, कसर आणि वाळवी! आजोबांच्या पोथीपेक्षा वडिलांचे छापील पुस्तक आधी मरते, ते यामुळे. दिवाळीची साफसफाई हीसुद्धा मोठी वैरीण. वडील गेले, मुलांनी जागा बदलली, माळ्यावरची ट्रंक तराजूत गेली, असे प्रसंग आमच्या पाहण्यात अनेकदा आले आहेत.

मग आपण काय करावे? १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशीनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक या तिघांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक काढले आणि जुन्या बखरी व कविता त्यातून महिन्यामागून महिना छापल्या. थोडे थोडे, पण नेमाने, हा त्यांचा मार्ग आपल्या शक्तीस मानवणारा आहे. म्हणून आमच्या चार सूचना.

पहिली, प्रत्येक कुटुंबाने घरातील पन्नास वर्षांपूर्वीच्या पुस्तकांची यादी करावी : ग्रंथ, कर्ता, छापखाना, साल. मुखपृष्ठ फाटले असले तरी पुस्तक टाकू नये. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये, तिचा डिंक कागद नासवतो.

दुसरी, शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’त १८०० ते १९५० पर्यंतच्या पुस्तकांची नोंद आहे. आपल्या यादीतील त्या काळची पुस्तके तिच्याशी ताडून पाहावी. नोंदच नसेल, तर ते पुस्तक दुर्मिळ समजून आधी हाती घ्यावे.

तिसरी, अशा पुस्तकाची पाने तरुण मंडळींनी वरून छायाचित्रे घेऊन टिपावी. यंत्रावर उलटे दाबल्यास जुनी शिवण तुटते. छायाचित्रांच्या प्रती निदान तीन ठिकाणी ठेवाव्या आणि मूळ पुस्तक शक्य तर एखाद्या जुन्या ग्रंथसंग्रहालयास द्यावे.

चौथी, आपल्या या वार्षिक अंकाची सोळा पाने दरवर्षी एका विस्मृत लेखकासाठी राखावी. अंकाचा खर्च जाहिरातींतून निघतोच. विद्यार्थी-साहाय्य निधीतील एक पैसाही त्यासाठी लागणार नाही. पुढे मागणी आली, तर हल्ली शंभर प्रतीही छापून मिळतात. कायद्याची अडचणही फारशी नाही. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. १९५० साली वारलेल्या लेखकाची तशी पुस्तके २०११ पासून सर्वांस मोकळी झाली आहेत.

“वाचणार कोण?” असे कोणी विचारील. ताराबाईंच्या पुस्तकाविषयी १९७४ साली हाच प्रश्न कोणी विचारला असता, तर त्याचे उत्तर कोणापाशी होते? वाचक केव्हा जन्मास येईल, हे आपल्या हाती नाही. तो येईल तेव्हा पुस्तक जागेवर असावे, एवढेच आपल्या हाती आहे.

आणखी एक नम्र विनंती. हे कार्य ज्ञातिसंस्थेने करावयाचे, म्हणून केवळ आपल्या ज्ञातीतील लेखकच शोधावे, असा संकोच मनात ठेवू नये. स्टीफन्स हे मंगळूरच्या त्या कुटुंबांच्या ना जातीचे होते, ना देशाचे. तरी त्यांनी ते पुराण पोटाशी धरले. आपल्या माळ्यावर जो ग्रंथ आश्रयास आला आहे, तो कोणाचाही असो, त्याचे यजमान आपणच. पाहुण्यास जात विचारून पाणी देणे आपणांस शोभत नाही.

येत्या वर्षप्रतिपदेपर्यंत याद्या कार्यालयात पोचाव्या, अशी आमची प्रार्थना आहे. ज्यांच्या घरी एकच पुस्तक निघेल, त्यांनी एकाचीच यादी द्यावी. कदाचित तीच शेवटची प्रत असेल.