वरून आलेला उमेदवार

(जालना येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेले भाषण)



१९८० साली गुलाम नबी आझाद पहिल्यांदा लोकसभेत गेले ते वाशीममधून. डोडा भागातील सोती या डोंगरी खेड्यात १९४९ साली जन्मलेल्या आणि युवक काँग्रेसमध्ये वाढलेल्या या तरुणाचा वऱ्हाडाच्या कापसाशी काडीचा संबंध नव्हता. वाशीम ही वसंतराव नाईकांची जागा. १९७७ च्या जनता लाटेतही त्यांनी ती राखली होती. १९७९ च्या ऑगस्टमध्ये ते वारले आणि पुढच्या निवडणुकीत दिल्लीच्या श्रेष्ठींनी ती जागा आझादांच्या पदरात टाकली. दोन वर्षांत, १९८२ मध्ये, इंदिरा गांधींनी त्यांना विधी, न्याय व कंपनी व्यवहार खात्याचे उपमंत्री केले. १९८४ मध्ये वाशीमने त्यांना पुन्हा निवडून दिले.

या कारकिर्दीचा विचार जालन्यात व्हावा याला कारण आहे. तिची आधीची आवृत्ती जालन्यातच निघाली होती. १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत येथून काँग्रेसचे सैफ तय्यबजी लोकसभेवर निवडून गेले. ते मुंबईचे. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी हे त्यांचे आजोबा. सैफसाहेबांनी अंजुमन-ए-इस्लाम या शिक्षणसंस्थेचे काम केले. त्यांच्या नावाची मुलींची शाळा मुंबईत आजही आहे. मुसलमानांनी अलगपणा सोडून देशाच्या सर्वसाधारण राजकारणात उतरावे असे मानणारे ते विचारी गृहस्थ होते. त्यांच्या योग्यतेविषयी वाद नाही. पण जालन्याने त्यांना पाहावे, पारखावे एवढाही अवधी मिळाला नाही. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि पोटनिवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाचे घारे निवडून आले.

१९५७ साल म्हणजे पोलीस कारवाईनंतरचे नववे वर्ष. रझाकारांनी जाळलेली गावे लोक विसरले नव्हते. कारवाईनंतर मराठवाड्यातील निरपराध मुसलमानांवर जे गुदरले तेही घराघरांत ताजे होते. मराठवाडा नुकताच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, द्वैभाषिक मुंबई राज्यात आला होता. अशा वेळी बहुसंख्य हिंदू शेतकऱ्यांच्या या मतदारसंघाने एका मुसलमानाला दिल्लीला पाठवले. या गोष्टीचे मोल लहान नाही. पुढे वाशीमनेही तेच केले, तेही दोनदा. मराठी खेडूत जातधर्म पाहूनच मत देतो, असे शहरातल्या आरामखुर्चीत बसून सांगणाऱ्यांनी हे दोन निकाल उघडून पाहावेत.

मग खोट कुठे आहे? ती मतदारात नाही, उमेदवार ठरविण्याच्या पद्धतीत आहे. मुसलमानाला उमेदवारी द्यायची ती पक्षाच्या भरवशाच्या जागेवर, आणि त्यातही अशा माणसाला की ज्याचे त्या जागेवर घर नाही, शेत नाही, संघटना नाही. असा खासदार कामाचा असू शकतो, पण तो कोणाच्या जिवावर उभा आहे हे त्याला आणि श्रेष्ठींना, दोघांनाही पक्के ठाऊक असते. त्यात उपमंत्रिपद म्हणजे मंत्र्याच्या हाताखालची खुर्ची. धोरण दुसऱ्याचे, उत्तर वाचून दाखवायचे ते याने. आरिफ मोहम्मद खान यांचीही सुरुवात उपमंत्रिपदापासूनच झाली. २३ एप्रिल १९८५ च्या शाहबानो निकालाच्या बाजूने ते संसदेत बोलले. सरकारने पाठ फिरवली तेव्हा १९८६ मध्ये राज्यमंत्रिपदाचा राजीनामा देऊन बाहेर पडले. सरकार तसूभर हलले नाही.

आझाद मात्र चढत गेले. १९९० पासून सहा वर्षे महाराष्ट्रातून राज्यसभा, केंद्रात मंत्रिपदे, २००५ मध्ये जम्मू-काश्मीरचे मुख्यमंत्रिपद. गंमत अशी की मुख्यमंत्री झाल्यावर, २००६ च्या पोटनिवडणुकीत, त्यांना भद्रवाहने निवडून दिले; घरच्या मुलखातला हा विजय वाशीमनंतर सव्वीस वर्षांनी आला. २०१४ मध्ये उधमपूरला ते हरले. त्याच वर्षापासून २०२१ पर्यंत ते राज्यसभेत विरोधी पक्षनेते होते आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ज्या पक्षाने हे सारे दिले त्यातूनच बाहेर पडले. आणि वाशीम? तिथल्या बाजारपेठेत, मोहल्ल्यात, बाजार समितीत वाढलेला एखादा मुसलमान कार्यकर्ता या साऱ्या काळात तालुक्यावरून जिल्ह्यावर आणि जिल्ह्यावरून लोकसभेपर्यंत पोहोचला काय? श्रेष्ठींना त्याची गरजच वाटली नाही. वरून माणूस मिळत होता.

याचा हिशोब २०२४ मध्ये पुढे आला. महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी एकाही जागेवर महाविकास आघाडीने मुसलमान उमेदवार दिला नाही. मते मात्र मागितली, आणि ती भरभरून मिळाली. नसीम खान यांनी प्रचारकपद सोडून जाहीर नाराजी व्यक्त केली, तेवढीच काय ती खळबळ. राज्यातून एकही मुसलमान खासदार निवडून गेला नाही. २०१९ मध्ये औरंगाबादेतून इम्तियाज जलील निवडून आले होते ते मजलिसच्या तिकिटावर. सर्वांच्या पक्षात जागा मिळत नाही असे वाटले की माणूस आपल्यापुरत्या पक्षाकडे वळतो. त्याला जातीयवादी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्याला तिकडे कोणी ढकलले हे विचारणे अवघड जाते.

ते समाजवाद्यांनाही अवघड जावे. राष्ट्र सेवा दलात हमीद दलवाई घडले; २२ मार्च १९७० रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्यांचा गौरव समाजवादी व्यासपीठांवरून पुष्कळ झाला. पण युवक क्रांती दलात उमेदीची वर्षे घालवलेले हुसेन दलवाई खासदार झाले ते काँग्रेसमध्ये जाऊन, राज्यसभेवर. कादराबादेत, जुन्या जालन्यात, अंबडला, परतूरला पक्षाच्या सभेची सतरंजी अंथरणारे मुसलमान तरुण आजही आहेत. सतरंजी अंथरणाऱ्यांपैकी किती जण तालुका समितीवर घेतले गेले, हे या बैठकीत बसलेल्या प्रत्येकाने आपापल्या तालुक्याचे दप्तर काढून पाहावे, आणि नगरपालिकेच्या पुढच्या उमेदवारीच्या यादीवर चर्चा सुरू होण्यापूर्वी तो आकडा सांगावा.