‘श्यामा’ आणि तिचे वाचक

प्रणयाने ओथंबलेली कादंबरी वाचणारा मनुष्य पुस्तकाला बहुधा वर्तमानपत्राचे वेष्टन घालतो. नागपूर-छिंदवाडा मार्गावरील चिमुकली गाडी २०१५ साली बंद झाली. तोपर्यंत आमच्या सौंसरकडे येणाऱ्या तिच्या डब्यांत अशी वेष्टने मी कितीतरी पाहिली. आत काय आहे हे शेजारच्यास ठाऊक असे आणि त्यास ते ठाऊक आहे हे वाचणाऱ्यासही ठाऊक असे.

या लपवाछपवीमागे एक जुना खटला आहे. १९६२ सालच्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा प्रसिद्ध झाली. एक कवी आणि त्याच्या जीवनात आलेल्या स्त्रिया, असा तिचा विषय. अश्लीलतेच्या आरोपावरून लेखक व प्रकाशक यांना न्यायालयात उभे राहावे लागले. मॅजिस्ट्रेटने त्यांना सोडले; मुंबई उच्च न्यायालयाने प्रत्येकी पंचवीस रुपये दंड केला आणि त्यांच्याजवळचे अंक नष्ट करण्यास सांगितले. अखेर २५ ऑगस्ट १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष ठरविले. मात्र कथा वाङ्मयीन दृष्ट्या उच्च दर्जाची नसेल, अपक्व असेल, असा शेराही मारला. लेखकास मुक्तता मिळाली, पण तिच्याबरोबर हे प्रशस्तिपत्रही मिळाले! त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवरून निघालेला ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट गर्दी खेचीत होता.

याउलट १९६४ साली त्याच न्यायालयाने लॉरेन्सची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकणाऱ्या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम केली होती. तो निकाल न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिला. सौंसर जेव्हा नागपूरच्या कारभाराखाली होते, तेव्हा ते नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. तेव्हा हे गृहस्थ आम्हांस अगदीच परके नव्हेत. थोर कादंबरीकार दोषी आणि सामान्य कथा निर्दोष, ही गंमत मला अजून उलगडलेली नाही. वाचणाऱ्याचे मन या पुस्तकाने बिघडेल काय, ही इंग्लंडातील १८६८ सालची कसोटी तेव्हा वापरली जाई. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती २०१४ साली सोडली. परंतु वाचणाऱ्यास त्यातून मिळते तरी काय, हे त्याला कुणी विचारले नाही.

मला विचाराल तर पहिले सुख विलंबाचे. नायक-नायिका अखेर एकत्र येणार हे पहिल्या पानावरच कळते, आणि तरीही दिवा मालवावासा वाटत नाही. ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधना’त कथालेखनाचे तंत्र सांगितले, भेट घडवावयाची, पण लगेच नव्हे, ही युक्ती त्यांच्या स्वतःच्या कादंबऱ्यांतही पुरेपूर दिसते. दाराच्या कडीवर थबकलेला हात संपूर्ण मिठीच्या वर्णनाहून अधिक काम करतो. आजच्या धीट कादंबऱ्या ती कडी फार लौकर काढतात, असे माझे मत आहे. तरी त्यांतल्या चांगल्या कादंबरीत नायिकेस काय हवे हे ती स्वतः बोलते, आणि हा गुण जुन्या पुस्तकांत क्वचितच आढळतो. जेथे तिचा नकार हा लाजेचा भाग समजून पुढे रेटला जातो, तेथे मी पुस्तक मिटते, मग भाषा कितीही गोड असो.

माझे बालपण कॅथलिक घरात गेले, म्हणून मनाईची सवय मला आहे. निषिद्ध ग्रंथांची सूची आमच्या ख्रिस्तसभेने १५५९ पासून राखली, १८६४ साली ‘मादाम बोव्हारी’ही तीत घातली, आणि १९६६ साली ती सूचीच रद्द केली. पण त्याच ख्रिस्तसभेच्या पवित्र शास्त्रात ‘गीतरत्न’ आहे. प्रियकराला रात्री शोधीत फिरणारी स्त्री, तिचे केस, तिची मान, तिचे ओठ, हे सारे तेथे आहे. पंडितांनी त्यास ख्रिस्त आणि ख्रिस्तसभा यांच्या प्रीतीचे रूपक मानले. मानोत; परंतु रूपकासाठी घेतलेली भाषा देहाचीच आहे.

आमच्या ओळखीच्या एक निवृत्त बाई अशी पुस्तके मागून नेतात. संसार झाला, नातवंडे झाली. एकदा पुस्तक परत करताना म्हणाल्या, “बाई, ह्यातला तो डॉक्टर तिला विचारतो, तुला दमायला झालं का म्हणून. पानभर नुसतं तेवढंच. ते मी तीनदा वाचलं.” शृंगाराच्या पानांविषयी त्यांनी अवाक्षर काढले नाही, कदाचित तीही तीनदा वाचली असतील. दुसरा भाग आला आहे काय, एवढे विचारून त्या संत्री निवडावयास बागेकडे गेल्या.